पहिला 'सा' तीन मात्रांचा

गेल्या वर्षी मार्चमध्ये वहिनींचा फोन आला तेव्हा मागे कुणीतरी चिरक्या आवाजात शिट्टी वाजवत होतं. "ऐकताय ना भावोजी? आठवडाभर घरात हेच चाललंय. आता मलाही शिकायचीय. पण नीट."

वहिनी म्हणजे माझ्या कॉलेजातल्या मित्राची बायको. माहेर मिरजेचं. शाळेत असताना तीन वर्षं बासरी शिकल्या, मग नर्सिंग, मग मुंबईची नोकरी, आणि आता सहा वर्षं झाली आयर्लंडमध्ये. राहतात काउंटी क्लेअरमधल्या एनिसला, ड्यूटी लिमरिकच्या एका इस्पितळात. मी लिमरिकलाच असतो आणि दहाएक वर्षं टिन व्हिसल, म्हणजे सहा भोकांची आयरिश शिट्टी, वाजवतो. बरा वाजवतो, पण कुणी शागिर्दी करावी असा नाही. मागे वाजत होती ती त्यांच्या तिसरीतल्या लेकीची व्हिसल. इथल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत मुलांच्या हाती पहिलं वाद्य हेच येतं.

एनिसमध्ये राहून ही शिट्टी व्हिडिओवरून शिकायची म्हणजे पंढरपुरात राहून विठोबाचं दर्शन मोबाइलवर घेण्यासारखं आहे. आयरिश पारंपरिक संगीतात क्लेअरचं नाव मोठं, आणि 'फ्ला हिओल' हा या संगीताचा सगळ्यात मोठा मेळा २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षं एनिसलाच भरला होता. हा मेळा भरवणारी 'कोल्तस' ही संस्था १९५१ सालची. तिच्या शाखा गावोगाव वर्ग घेतात. एनिसलाही घेतात. पण वर्गाचा वार ठरलेला, आणि वहिनींची ड्यूटी सकाळी आठ ते रात्री आठ, तीही दर आठवड्याला वेगळ्या वारांना. चारातल्या दोन वर्गांना जेमतेम पोचता आलं असतं. तेव्हा घरीच शिकायचं आणि धडे निवडून द्यायचे मी, असं ठरलं.

वाद्याचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. लेकीची होती तशीच दुसरी आणली: पितळी नळी, प्लॅस्टिकचं तोंड, 'डी'ची, बारा युरोंची. महागडी घेऊ नका म्हणालो. इंग्लंडच्या सफोकमधल्या रॉबर्ट क्लार्क नावाच्या शेतमजुराने १८४३ साली पत्र्याच्या शिट्ट्या करून विकायला सुरुवात केली तेव्हापासून हे गरिबाचंच वाद्य आहे, आणि ते तसं राहिलं यात त्याची निम्मी गंमत आहे. अट एकच, शिट्टी 'डी'ची हवी. जवळजवळ सगळे धडे ती धरूनच बनवलेले असतात.

बासरीवाल्या माणसाला या शिट्टीत एक आयता फायदा मिळतो. सहा भोकं, वरची तीन बंद केली की सा. सगळी बंद केली की खालचा प. सगळी उघडली की तीव्र मध्यम. बासरीची बोटं जशीच्या तशी लागू पडतात. फरक पडतो तो नावात. इथे सगळी भोकं बंद केल्यावर डी वाजतो म्हणून ती 'डी'ची. आपल्याकडे सा जिथे लागतो त्यावरून तिला 'जी'ची म्हणतील. शुद्ध मध्यमासाठी मात्र पहिलं भोक अर्धं उघडायची गरज नाही. पहिलं पूर्ण उघडं, त्याखालची दोन बंद आणि उरलेली उघडी ठेवली की काम झालं. वहिनींना हे सगळं पहिल्याच संध्याकाळी जमलं आणि मला वाटलं, आता काय, महिन्यात वाजवायला लागतील.

मग चूक माझ्याकडून झाली. मी स्वतः ज्याच्यावर पोसलो तो एक जाडजूड ग्रंथ त्यांना पाठवून दिला. पुस्तकात खोट काढायला जागा नाही. पण वहिनींना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता येत नाही, आणि अलंकारांच्या चिन्हांची पानंच्या पानं ओलांडल्याशिवाय त्यात पहिली चाल भेटत नाही. ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत चहा पीत त्यांनी ते कादंबरीसारखं वाचून काढलं. तीन आठवड्यांनी भेटलो तर रोल, क्रॅन हे अलंकार म्हणजे काय, तोंडपाठ. वाजत काहीच नव्हतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी एनिसला गेलो. जाताना तीन पर्याय घेऊन गेलो आणि मनाशी एक ठरवलं होतं. तिन्हींतून एकच चाल शिकून बघायची. प्रत्येकाला पाऊण तास, मी तोंड बंद ठेवणार, आणि शेवटी फोनवर रेकॉर्डिंग. धडेमालांची जाहिरात करणारे एकूण धडे किती, चाली किती, एचडी कॅमेरे किती ते सांगतात. त्यावरून काही कळत नाही. तीच चाल तीन जागी शिकून बघितली की शिकवणाऱ्याचा हात कळतो.

चाल घेतली 'केश जिग'. इथल्या प्रत्येक पोराने वाजवलेली, नवशिक्याच्या जवळपास प्रत्येक धडेमालेत असणारी. जिग म्हणजे सहाच्या गटात चालणारी नाचाची चाल, तीन-तीनच्या दोन लाटा. तिची सुरुवात आपल्या भाषेत अशी:

सा – – सा रे ग | रे – – रे ग प | ध प प सां प प | ध प ग प ग रे

पहिला पर्याय होता एक पातळ पुस्तक, सोबत सीडी. ओळींखाली इंग्रजी अक्षरं लिहिलेली होती, तेव्हा वहिनींना वाचता आलं. वीस मिनिटांत सगळे स्वर बिनचूक. पण कसे? टाइपरायटरवर अर्ज टाइप करावा तसे. कागदावर सहाही स्वर एका मापाचे दिसतात. वाजवताना मात्र तीनातला पहिला जरा लांबतो, मधला आखडतो, तिसरा पुढच्याला ढकलतो. हा झोका लिहून दाखवता येत नाही. सीडीवर तो होता, पण सीडी पूर्ण वेगात, आणि माणूस आधी कागदाकडेच बघतो. शिवाय पहिल्याच सा वर एक नागमोडी चिन्ह होतं. वहिनींनी तिथे आंदोलन दिलं, म्हणजे स्वर हलकेच झुलवला. चांगलं दिलं, पण ती जिग राहिली नाही.

दुसरा पर्याय फुकटची व्हिडिओमाला. शिकवणारा गृहस्थ इतका गोड की बघतच राहावं. पण तो बोलतो फार आणि प्रत्येक स्वराला जीभ लावायला सांगतो: तू-तू-तू-तू. अगदी लहान मुलांना शाळेत असंच शिकवतात. आयरिश वाजवणारे बहुतेक स्वर एका फुंकेत जोडून घेतात, जीभ मधूनच, मोजून लावतात, आणि स्वर तोडायचं काम बोटांवर सोपवतात. पहिल्या सहा महिन्यांत तू-तू बसली की पुढची दोन वर्षं ती काढण्यात जातात, हे मी स्वतःच्या जिभेवरून सांगतो. "माणूस देवासारखा आहे," वहिनी म्हणाल्या, "पण हा सांगतो आणि पुढे निघून जातो. मी मागेच राहते."

तिसरा पैसे भरून घ्यायचा ऑनलाइन वर्ग, महिन्याला वीसेक युरो. पहिले काही धडे चाखायला मोफत. त्यात शिकवणाऱ्या बाईंनी चार मिनिटं काही न बोलता चाल तीनदा वाजवली. मग पहिले दोन गट वाजवले आणि थांबल्या. पडद्यावर नुसती शांतता. पुन्हा तेच दोन गट, पुन्हा शांतता. वहिनी आधी गोंधळल्या, मग त्यांच्या लक्षात आलं की ही जागा आपली आहे.

"अहो, हे तर आमच्या सरांसारखं! ते वाजवायचे, मग आम्ही."

पाऊण तासाने त्या चहा टाकायला उठल्या आणि ओट्याशी गुणगुणत होत्या. सा – – सा रे ग, रे – – रे ग प. मध्येच वळून म्हणाल्या, "भावोजी, हा भूप आहे!" मी म्हटलं, आठव्या गटापर्यंत थांबा. तिथे चाल 'रे सा नी सा' करत घरी येते, आणि भूप रागात नी नसतो, तेव्हा भूप मोडतो. पण चाल कागदावरून उठून त्यांच्या गळ्यात गेली होती. त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या पर्यायात हे झालं नव्हतं.

तरी लगेच पैसे भरू दिले नाहीत. आणखी एक धडा बघायचा होता, 'कट'चा. या संगीतातल्या सगळ्या अलंकारांचा पाया म्हणजे कट. स्वर धरलेला असताना वरचं एक बोट निमिषभर उचलून खाली टेकायचं. तो जो शिकवतो तो स्वर म्हणून शिकवतो की ठोका म्हणून, यावर पुढचं सगळं अवलंबून. बाईंनी सांगितलं, हा स्वर नाही, ही टिचकी आहे. कोणता स्वर लागला ते ऐकणाऱ्याला कळलं तर तुमचं बोट उशिरा खाली आलं. वा, म्हटलं. आता भरा पैसे.

भरले ते तीन महिन्यांचे. वर्षाचे एकदम भरले तर बरीच सूट होती आणि मित्राचा हिशोबी जीव तिकडे ओढत होता, पण नवशिक्याने वर्षाची वर्गणी भरणं म्हणजे जिमची भरण्यासारखंच. एक पथ्यही घातलं. या तीन महिन्यांत दुसऱ्या कुणाचा व्हिडिओ बघायचा नाही. यात सोवळंओवळं काही नव्हतं. कटला कोणतं बोट उचलायचं यावर शिकवणाऱ्यांचं एकमत नाही. कुणी बऱ्याच स्वरांसाठी एकच ठरावीक बोट वापरतं, कुणी स्वर बदलला की बोट बदलतं. दोन्ही चालतं, पण दोन्ही एकदम शिकायला गेलं की बोटं भांबावतात. ऐकायला मात्र दुसरं दिलं: क्लेअरमधल्याच डूलिनचे व्हिसलवादक मिको रसेल, १९९४ मध्ये गेले ते. साधं, कमी अलंकारांचं वाजवणं. नवशिक्यांना बहुतेक जण मेरी बर्गिन यांचं १९७९ चं ध्वनिमुद्रण ऐकवतात. ते थोर आहेच, पण पहिल्या महिन्यात ऐकलं तर माणूस शिट्टी खाली ठेवतो.

रियाज कुठे करायचा हा वेगळाच घोळ. व्हिसलचं वरचं सप्तक भिंती भेदून जातं आणि रात्री नऊला लेक झोपलेली असते. वहिनी ड्यूटी संपली की इस्पितळाच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून, पंधरा मिनिटं वाजवायच्या आणि मग एनिसची वाट धरायच्या. एकदा सुरक्षारक्षकाने काचेवर टकटक केली. तो काउंटी मायोचा निघाला. त्याने उभ्याउभ्या एक पोल्का, म्हणजे नाचाचीच दुसरी एक चाल, गुणगुणून दाखवली.

दुसऱ्या महिन्यात मला काहीतरी खटकायला लागलं. स्वर बरोबर, झोकाही येत होता, पण वाजवणं इथलं वाटत नव्हतं. कुठे ते सापडेना. मग फोनवर वहिनींचं आणि बाईंचं वाजवणं निम्म्या वेगात एकामागोमाग लावलं. बाईंचा कट निम्म्या वेगातही नुसता 'टिक'. वहिनींचा कट निम्म्या वेगात चक्क रे होता: रे-सा, रे-सा. तोही ठोक्याच्या अंमळ आधी, सा ला हात धरून आणल्यासारखा. म्हणजे कणस्वर, मुख्य स्वराआधी ओझरता लागणारा! मिरजेच्या सरांनी घटवून घेतलेला, देखणा कणस्वर. वहिनींनी दोनदा ऐकलं आणि हसल्याच. "हे चुकलं नाहीये, हे दुसरीकडचं आहे."

उपाय बाईंच्याच एका धड्यात होता, फक्त कुणी मनावर घेतला नव्हता. एकच सा सलग फुंकायचा, जीभ लावायची नाही, आणि ताल धरून कटने त्याचे तुकडे करायचे. सा-सा-सा-सा. बोट ठोक्यावरच हलायला हवं. तीन आठवडे गाडीत रोज पाच मिनिटं हे एवढंच. जूनच्या मध्यावर एक दिवस फोनवर त्यांनी वाजवून दाखवलं आणि मला रे ऐकू आला नाही.

श्वासाचं मात्र त्या धडेमालेने उशिरा सांगितलं. जिगमध्ये विश्रांती नसते. आठ गट, पुन्हा तेच आठ, मग दुसरा भाग तसाच दोनदा, आणि अख्खी चाल निदान दोन-तीन वेळा. श्वास घ्यायचा तर एखादा स्वर गाळावा लागतो, आणि कोणता गाळायचा हीच कला. साधारणपणे तीनातला मधला, किंवा लांब स्वराची शेपटी. वहिनी आपल्या आठव्या गटाच्या शेवटाची वाट बघायच्या आणि तिथे पोचेपर्यंत लाल व्हायच्या. ही गोष्ट अकराव्या धड्यात आली. माझ्या मते ती पहिल्या जिगबरोबरच यायला हवी. पैसे घेणाऱ्याने तरी.

जुलैत गाडी अडली. चार जिग झाल्यावर धडेमाला एकदम रीलवर (चारच्या गटातली वेगवान नाचाची चाल) आणि लांब रोलवर उडी मारते. रोल म्हणजे तीन मात्रांच्या स्वरात आधी कट, मग खालच्या बोटाची थाप. एकाच स्वराचे तीन तुकडे, मध्ये न तुटता. केश जिगच्या पहिल्या सा वरचं ते नागमोडी चिन्ह म्हणजे हेच. वहिनींना कट येत होता, थाप येत होती, दोन्ही मिळून चिखल. वीस दिवस त्यांनी दुसरं काही वाजवलं नाही, मग दहा दिवस काहीच नाही.

त्याच सुमारास मिलटाउन मालबेला विली क्लान्सी यांच्या नावाची उन्हाळी शाळा भरते. ते युलियन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप, वाजवायचे, १९७३ च्या जानेवारीत गेले आणि त्याच वर्षी शाळा सुरू झाली. एनिसहून तासाभराच्या आतला रस्ता. वहिनींना एकच सुट्टी होती. वर्ग नाही, नुसतं हिंडायला गेल्या. परतल्यावर फोन. "एका कोपऱ्यात एक आजोबा व्हिसल वाजवत होते. तासभर बसले मी. एकही रोल नाही हो! सा नुसता धरून ठेवत होते. आणि सगळे टाळ्या वाजवतायत."

हे मला सांगता यायला हवं होतं. दहा वर्षांत मी रोलच्या मागे इतका लागलो होतो की साधा धरलेला सा हाही एक पर्याय असतो हे विसरलो होतो. आम्ही धडेमालेचा क्रम तिथेच सोडला. रील बाजूला, जिग आणि पोल्का घ्यायच्या, जिथे रोल लिहिलाय तिथे सा धरायचा किंवा 'सा नी सा' करायचा, तेही इथे चालतं. पोल्का दोन-दोनच्या ठेक्याची, रोलला फारशी जागाच नाही. तीन महिने संपल्यावर वर्गणी थांबवली आणि शेल्फवरचं ते पातळ पुस्तक काढलं. आता ते कामाला आलं, कारण ऐकून शिकलेली चाल विसरली की आठवायला कागद उत्तम. एनिसच्याच जेराल्डीन कॉटर यांचं व्हिसलचं पुस्तक ग्रंथालयातून आणलं, तेही याच कामासाठी.

यात एक गंमत वहिनींनीच शोधली. त्यांनी पुस्तकातल्या चालींच्या समासात पेन्सिलीने थाट लिहायला सुरुवात केली. इथल्या बऱ्याच चाली आपल्या काफीत बसतात, काही खमाजात. चाल कुठल्या स्वरावर घर करते ते एकदा ओळखलं की अर्धी पाठ होते, असं त्यांचं म्हणणं. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नका म्हटलं तर म्हणाल्या, पुसून देईन.

ऑक्टोबरपर्यंत अकरा चाली झाल्या. नाचासाठी जिग मिनिटाला साधारण ११० ते १२० ठोक्यांवर चालते, वहिनींच्या ८० च्या आसपास. तेवढ्यात काम भागतं अशी जागाही असते, नवशिक्यांसाठी संथ सेशन, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवायची बैठक. एका रविवारी दुपारी, सुट्टी जुळली तेव्हा, आम्ही गेलो. नऊ-दहा जण, दोन फिडल (म्हणजे व्हायोलिनच), एक कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी), एक म्हातारे फ्लूटवाले, बाकी व्हिसली. लेकही आली होती, आईच्या आधी शिट्टी काढून तयार.

तिसरी चाल केश निघाली. वहिनींनी पुस्तक पिशवीतच ठेवलं. पहिल्या फेरीत दोन गट चुकले, दुसऱ्या फेरीत श्वासासाठी भलताच स्वर गाळला, आणि लेकीने मान वर करून आईकडे बघितलं. तिसऱ्या फेरीला फ्लूटवाल्या आजोबांनी पहिल्या सा वर गोल, घोटीव रोल घेतला. शेजारी वहिनींचा सा सरळ, तीन मात्रा धरलेला. दोन्ही एकत्र वाजले. चाल संपल्यावर आजोबांनी फ्लूट मांडीवर ठेवली आणि वहिनींना विचारलं, पुढची तुम्ही सुरू करता का?